नमुन्याचा चौकोन

“आटपा हो बाई! संध्याकाळी मुलीकडचे घर बघायला येणार, तोवर गालिचा वाळायला नको?” नणंद सोफ्यावरून कुरकुरली. पूर्वी हीच दिवसातून दहादा ‘वहिनी, वहिनी’ करायची.

गालिचे धुण्याच्या धंद्यातलं या वहिनीचं हे पहिलंच काम. फोनवर पत्ता ऐकताच तिने होकार दिला होता. नवरा वारला तेव्हा ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून तिला याच घरातून काढलं होतं. आज धाकट्या दिराचं लग्न जुळायचं होतं, आणि सगळे तिला ओळखतच नसल्यासारखे वागत होते.

तिने गालिच्याच्या ऐन मध्यावर पाटाएवढा चौकोन धुतला. लाल रंग कुंकवासारखा उजळला, नि भोवतालचा उरलेला गालिचा पायपुसण्याहून कळकट दिसायला लागला. तिने मशीन बंद केलं आणि शांतपणे नळी गुंडाळायला घेतली.

“अहो, बाकीचा?” नणंद किंचाळली.

“नमुना फुकट असतो. पुढचं काम मी ओळखीच्या घरीच करते. इथे मला कोणी ओळखतं का?”

नणंदेने आईकडे पाहिलं. सासूबाई त्या चौकोनाकडे बघत राहिल्या.

“थोरली सून आहे ती आपली,” अखेर त्या म्हणाल्या. “तिचा काही दोष नव्हता. मीच तिला हाकललं.”