मागे कोणी नाही

मंगळावर जाणाऱ्या यानात एकच जागा उरली होती. परतीचा प्रवास नव्हता, म्हणून जिच्या मागे रडणारं कोणी नाही अशा व्यक्तीलाच ती मिळणार होती. सतरा वर्षांच्या पोरीने सगळ्या चाचण्यांत भल्याभल्यांना धूळ चारली होती. वडील नव्हतेच, आईच्या रकान्यात तिने काळजावर दगड ठेवून 'हयात नाही' लिहिलं, मृत्यूची तारीख मनानेच ठोकून दिली आणि अर्जाची प्रत गादीखाली दडवली. घरी सांगितलं, नोकरीची मुलाखत आहे. तरी आई सोबत आलीच.

मुलाखतीत साहेबांनी काचेतून बाहेर बोट दाखवलं. "त्या बाई सकाळपासून तुझा स्वेटर मांडीवर घेऊन बसल्यात. कोण लागतात तुझ्या?"

पोरीने काचेकडे पाहिलंच नाही. "शेजारच्या... मावशी."

साहेब उठून बाहेर गेले. काचेपलीकडे आई त्यांना काहीतरी सांगत होती. आता संपलं सगळं, पोरीला वाटलं.

साहेब परतले आणि त्यांनी शिक्का उचलला. "खात्री करावी लागते गं. तुझी आई कधी गेली, विचारलं मावशींना. न अडखळता अर्जातलीच तारीख सांगितली त्यांनी."