बोलावणं

देवळीच्या घरात निशांत संगणकाच्या गाभ्यातला, कर्नेलचा कोड दुरुस्त करत होता. मशीनमधली दोन कामं मेमरीत एकाच जागी एकदम लिहायला धावायची, म्हणून त्यानं लॉक लावले. तर दोन्ही कामं एकेक लॉक धरून दुसऱ्यानं सोडायची वाट पाहत बसली, अन् मशीन ठप्प.

बाळंतपणाला माहेरी समुद्रपूरला गेलेली त्याची बायको सुरभी फोनवर म्हणाली, "न्यायले आल्याबिगर बाबा धाडत नाई."

"अन् बोलावणं आल्याबिगर आई मले जाऊ देत नाई."

लेकीचं पहिलं हसू त्यानं फोनवरच पाहिलं होतं. जीव थाऱ्यावर राहीना. तांबडं फुटताच गाडीला किक मारून त्यानं सासर गाठलं. सासऱ्यांनी कपाळावर हात मारला. "जवाईबापू, सुरभी तर पोरीले घेऊन देवळीले गेली!"

सुरभीला फोन लागला. "तिथंच थांबजो, मी आलोच!" निशांत ओरडला.

त्याच श्वासात तिकडून सुरभी, "तिथंच थांबा, मी आलीच!"