सर्वानुमते पाठिंबा

सात वस्त्यांच्या नागरिक आघाडीने आजवर चार निवडणुकांत ज्याला ज्याला पाठिंबा दिला, तो तो दणकून आपटला होता. तरी आघाडीच्या अध्यक्ष, शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई, यंदाही पाठिंब्याचं पत्र लिहायला बसल्या. तेवढ्यात मावळते नगरसेवक स्वतःच दारात हजर!

"बाई, एक विनंती होती. यंदाचा पाठिंबा तेवढा माझ्या विरोधातल्या उमेदवाराला द्या."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. चार निवडणुका घरोघर वणवण केली, ती अशी अपशकुनी ठरायला? मग नजर खिडकीबाहेरच्या उघड्या गटाराकडे गेली. त्यावरच्या झाकणांसाठी पाच वर्षं अर्ज लिहून बोटं झिजली होती.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"उद्या दुपारपर्यंत गटारावर झाकणं बसली नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या, "तर तुम्हालाच पाठिंबा देईन. तोही सर्वानुमते!"

झाकणं सकाळी दहालाच बसली. अकरा वाजता विरोधातला उमेदवार धापा टाकत आला, "बाई, माझ्यासाठी काय काम आहे, तेवढं लवकर सांगा!"