घरी जुळवलेले टॅपेट

“डब्यात खडे हलवल्यावानी वाजून राहिली जीप,” जावई माझ्या कानाशी कुरकुरला. सकाळीच आमच्या ह्यांनी इंजिनाला कान लावून ढिले राहिले की खडखडणारे टॅपेट स्वतः जुळवले होते. आरशात आमची तोंडं पाहून हे भडकले, “गाडी झ्याक हाय! लातूर जिल्हा झाला म्हणून गॅरेजवालेच शहाणे झाले काय?” जावयाने भेसळीच्या डिझेलला दोष दिला, मी दुष्काळाच्या धुळीला. ह्यांना खरं सांगायचं टाळत वर्षभर घरात असंच चाललंय. दवाखान्याच्या वाटेवर आमच्यामध्ये बसलेली लेक बाळंतकळा सोसत होती. मागून पाण्याचा टँकर हॉर्न बडवत आला, तरी ह्यांनी जीप आडवी घातली. टँकर घासून गेला. “हॉर्न द्यायला काय झालं गाढवाला?” जीप थांबवून हे गरजले. माझं डोकं सणकलं. मी पुढे वाकून किल्ली काढून घेतली, ह्यांचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि ओरडले, “हॉर्न दिला होता. उतरा, जावई चालवतील. तुम्हाला ऐकू येत न्हाई!”