दोनच सीट

"या वेळी कुठे?" पंतने विचारलं.

"बटणांचं संग्रहालय," खुंटीवरची सॅक काढत सरपंच म्हणाला.

"पुन्हा?"

"मागच्या वेळी वरचा मजला राहिला होता."

बटणांना वरचा मजलाही असतो हे ऐकून पंतला आणखीच हेवा वाटला.

शिकायला परदेशी आलेले तिघं एकाच खोलीत राहत होते. तीन पलंग, एक खिडकी आणि पाणी तापवायची एक किटली. सगळे निर्णय घ्यायचा म्हणून सरपंच. दाढी होती म्हणून दाढी. आणि कोणी विचारलं नसलं तरी सल्ला द्यायचा म्हणून पंत. सोमवार ते शुक्रवार तिघांचं छान जमायचं. शनिवार उजाडला की मात्र सरपंच आणि दाढी सॅक पाठीला लावून गायब. धबधबा झाला, पडका किल्ला झाला, तळं झालं. "येतोस का" असं खोटं खोटंही कोणी विचारलं नाही.

एकदा पंतनेच लाज सोडली. "मी आलो तर?"

दाढीने सरपंचाकडे पाहिलं. सरपंचाने किटलीकडे पाहिलं.

"दोनच सीट मिळतात रे," सरपंच म्हणाला. "ऑफरच तशी असते."

रविवारी दोघं परतले की पंत आधी त्यांचे बूट बघायचा. चिखल लागलेला असला की जळायचा. नसला, तर चिखल न होणारी उत्तम जागा पाहून आले म्हणून जळायचा. एका शुक्रवारी तर त्याने दाढीचा एक मोजाच आपल्या उशीच्या अभ्र्यात दडवला. दाढी एका मोज्यावर गेला. तळ्याकाठच्या फोटोत तो अनवाणी, पाण्यात पाय सोडून बसला होता. हसत. तो फोटो बघत बघत पंत त्या मोज्यावर डोकं ठेवून झोपला.

शनिवारी आधाराला होती ती आई. दोघांची पाठ वळली की तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिचं सहलींचं ऑफिस होतं. काउंटरला फोन टेकवून ती मुलाशी बोलायची आणि फोनच्या वरून गिऱ्हाइकांशी भांडायची.

"गेले का रे ते?"

"गेले."

"जाऊ दे मेल्यांना. अख्ख्या जगाला मी सहलीला पाठवते आणि माझंच बाळ खोलीत! ओ काका, खिडकीची सीट मिळणार नाही, एकदा सांगितलं ना! हां, बाळ्या, जेवलास का?"

आईने त्या दोघांना पहिल्याच आठवड्यात फोनवर पाहून घेतलं होतं. दाढीला दाढी कर म्हणाली. सरपंचाला कान दाखव म्हणाली. मग परमुलखात अडीनडीला असावेत म्हणून दोघांचे नंबर उतरवून घेतले. दोघं "हो काकू, हो काकू" करत ताठ उभे होते. तेव्हा पंतला वाटलं होतं, आता मित्र मिळाले. पुढच्याच शनिवारी दोघं पहिल्या सहलीला गेले.

"पण मला का नेत नाहीत गं?"

"असतात अशी माणसं. तू मनाला लावून घेऊ नकोस, मी आहे ना? ताई बघ तुझी. सासरी चार मैत्रिणी काय मिळाल्या, महिन्यातून एक फोन करते. तू नाहीस हो तसा."

मग आई डब्यात काय आणलंय ते दाखवायची, शेजारच्या काकूंचं नवं भांडण सांगायची. बोलता बोलता दुपार व्हायची.

तर आता बटणं. शनिवारी सकाळी दाढी उठला तो कण्हतच. अंगात कणकण, नाक लाल. परवावर परीक्षा, आणि पुस्तक अजून कोरं करकरीत.

"मग झोप की इथेच," पंत म्हणाला. त्याच्या मनात हळूच आलं, एक सीट मोकळी.

"नाही रे. गेलंच पाहिजे," दाढी म्हणाला आणि शिंकला.

"चल बाबा," सरपंचाने सुस्कारा सोडला. "एकदाची बटणं बघून येऊ."

पंतला तो सुस्कारा फार झोंबला. ज्याचं पोट भरलेलं असतं त्यालाच पक्वान्नाचा कंटाळा येतो. दार बंद झालं. तापातसुद्धा माणूस ज्यासाठी धावतो, ती बटणं कसली असतील, याचा विचार करत तो खिडकीशी उभा राहिला. खाली दोघं पाय ओढत स्टॉपकडे निघाले होते.

इतक्यात दाढीच्या पलंगावर फोन वाजला. गडबडीत तो चार्जिंगलाच राहिला होता. पडद्यावर नाव होतं, "टूर मॅनेजर".

सगळी ऑफर ज्याच्या हातात, तोच हा देवमाणूस! त्याने केसांवरून हात फिरवला, घसा खाकरला आणि वाक्य मनाशी जुळवलं. साहेब, एक सीट वाढवता येईल का? उभ्याने येईन. सॅक मांडीवर घेईन. दोघांच्याही.

त्याने फोन कानाला लावला. तोंड उघडायच्या आतच पलीकडून सुरू झालं.

"काय रे दाढीवाल्या, निघालात ना? ताप असला तर तिकडे बाकावर पडून राहा, पण खोलीत थांबायचं नाही. पुढच्या शनिवारी धबधबा, तिकिटं पाठवलीत. आणि त्याने विचारलंच, तर दोनच सीट म्हणायचं. एकदा का तुमच्यात रमला, की तोही महिन्यातून एक फोन करायला लागेल. ओ काका, खिडकीची सीट मिळणार नाही, किती वेळा सांगू! बरं, ठेवते आता. बाळ्याला फोन लावायचाय. बिचारा अगदी एकटा असतो रे तिकडे."