विश्वासू रांग

विश्वासू प्रवाशांच्या रांगेत बॅगा उघडाव्या लागत नसत की कागद दाखवावे लागत नसत. प्रवाशाने आणि त्याला सोडायला आलेल्यांनी फाटकासमोर खोटं बोलायचं नाही, एवढीच अट होती. साध्या रांगेला चार तास लागत होते आणि सारंगचं विमान तासाभरात सुटणार होतं.

त्याने वाकून आईला नमस्कार केला. "येतो गं."

फाटकावर लाल दिवा लागला. "हे विधान असत्य आहे," आतला आवाज अदबीने म्हणाला. "कृपया दुरुस्त करा."

कुमुदिनीबाईंना हसूच आलं. "अहो, आमच्यात पद्धत असते तशी," त्या फाटकाला समजावू लागल्या. "निघताना 'जातो' म्हणत नाहीत. आणि येणारच आहे की तो दिवाळीला. हो ना रे?"

सारंग फाटकाकडे बघत राहिला. मागचा गृहस्थ म्हणाला, "आटपा हो, आम्हालाही जायचंय."

"जातो, आई," सारंग म्हणाला. "परत नाही येणार."

दिवा हिरवा झाला. कुमुदिनीबाईंनी पिशवीतला लाडवांचा डबा त्याच्या हातात दिला, त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

"बरं, जा," त्या म्हणाल्या. "मला काही वाटलं नाही हो."

उघडू लागलेलं फाटक पुन्हा मिटलं आणि दिवा लाल झाला.

"आई, खरं काय ते सांगून टाक ना पटकन," सारंग घड्याळ बघत म्हणाला. "विमान चुकेल माझं."