कोरी टिकली

दाराची कडी खडखडली, तशी ती दचकली. दारात तिच्या प्रयोगशाळेच्या मॅडम उभ्या होत्या.

काल तिनं भीत भीत त्यांच्या टेबलावर जंतू वाढवलेली काचेची बशी ठेवली होती. औषधी पाल्याच्या, स्पिरिटमध्ये काढलेल्या अर्कात बुडवलेल्या कागदी टिकलीभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ वर्तुळ होतं. पण नुसत्या स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कोऱ्या टिकलीभोवतीही तेवढंच होतं. ज्या पाल्यापायी मॅडमनी उभं आयुष्य घालवलं, त्याच्या मुळावरच तिनं घाव घातला होता. आता नोकरी गेलीच, असं ती धरून चालली होती.

“काल तू गेल्यावर मी स्वतः सगळं पुन्हा लावलं,” मॅडम चपला काढता काढता म्हणाल्या. “तुझंच खरं गं. टिकल्या पुरत्या वाळायच्या आधीच लावत आलो आपण. जंतू मारले स्पिरिटनं आणि हारतुरे घेतले मी!” आणि त्या खळखळून हसल्या.

“पण मॅडम, पाल्यावरचं तुमचं उद्याचं व्याख्यान...”

“होणार तर! आधी कालची तीच बशी दाखवणार, तुझ्या नावासकट. मग पाला पुन्हा पहिल्यापासून. टिकल्या वाळवायचं तेवढं तू बघ, माझ्या अंगात धीर नाही.”

तिनं बाहीनं डोळे पुसले. पायाशी घुटमळणाऱ्या लेकीनं एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“आई, चुकलं या आजींचं ना? मग तू का रडतेस?”